दिराची सही

बससाठी रस्ता रुंद करायचा म्हणून दार-एस-सलामच्या आमच्या वस्तीतल्या घरांवर पाडण्याच्या लाल फुल्या पडल्या. म्वानाइदी मावशींच्या घरावरही पडली. घराच्या बदल्यात सरकार दुसरीकडे जमीन देणार होतं; त्यासाठी त्या भूमी कार्यालयात तिसऱ्यांदा गेल्या, तेव्हा शेजारीण म्हणून मी सोबत होते.

"कागद नवऱ्याच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या," कारकून म्हणाला.

"ते वारले. दाखला दोनदा दिलाय तुम्हाला!"

"मग वारसपत्र आणा. त्यावर दिराची सही लागेल."

"तो इथं एक दिवस राहिला नाही. विटा मी वाहिल्यात!"

"माझ्यावर कशाला ओरडता, मावशी? बस तुमच्यासाठीच येतेय ना?"

"येऊ दे की! पण मी जाऊ कुठं, ते तर सांगा!"

कारकुनानं खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती.

पुढच्याच महिन्यात घर पाडलं. दिरानं स्वतःलाच वारस दाखवून बदल्यात मिळालेली जमीन घेतली. मावशी दूर म्कुरांगाला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथवर ही बस जात नाही.

परवा त्या वस्तीत आल्या तेव्हा भेटल्या. "उद्या पुन्हा कार्यालयात जातेय. येतेस?"

"येते," मी म्हणाले. रोज त्याच बसनं कामाला जाणारी मी, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?