बाणू बसंल तीच खोली

कळंबच्या गेणूनं पोरीसाठी बारामतीत खोली बघायला बाणू मेंढी नेली, हे कुणाला खरं वाटत नाही. मी त्या यष्टीत गेणूबरोबर होतो. कंडक्टरनं बाणूचं अर्धं तिकीट फाडलं आणि तिला खिडकीजवळ बसवलं. भवानीनगरला कारखान्याचा भोंगा झाला, तेव्हा बाहेर मान काढून तिनं उत्तरही दिलं. खोटं असेल तर माझ्या मिशा झडोत.

गेणूच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. तळ टाकायचा तर आधी जुनी मेंढी सोडायची. ती बसली की जागा कोरडी आणि निर्धोक. पुढं गेणूनं मेंढरं विकून ऊस लावला, पण बाणू तेवढी ठेवली. आता पोरीचा तळ टाकायचा होता.

योगिनी बारावी झालेली. कॉलेजात नाव लागलं, होस्टेलात लागलं नाही. गेणूनं सांगून ठेवलेलं, "शेवटच्या यष्टीच्या आत खोली मिळाली तर कॉलेज. न्हाय तर ऐतवारी अंथुर्ण्याचं पाव्हणं तुला बघाय येत्यात."

काय काय बघायचं ते पोरीनं शाळेतल्या बाईंना विचारून ठेवलं होतं. पहिल्या खोलीला आतून कडीच नव्हती.

"हितं चोर येत न्हाईत," मालक म्हणाला.

"चोराला कोण भितंय, काका?" असं म्हणून ती बाहेर आली.

दुसरीकडं नळ होता, पण इतका कोरडा की त्यात मुंग्यांची नातवंडं नांदत होती.

तिसरी खोली मात्र मनासारखी. कडी भक्कम, पाणी दोन्ही वेळा, संडास अंगणातच, मालकीणबाई शेजारी. सकाळपासून पहिल्यांदा योगिनी हसली. आणि बाणू उंबऱ्यावर चारी पाय रोवून उभी! गेणूनं पुढनं ओढली, मी मागनं रेटली. मारुतीचं देऊळ हललं असतं, बाणू हलेना.

"मेंढी जात न्हाय तितं लेक ठिवायची न्हाय."

"आबा, ती मेंढी हाय!"

"म्हणून तर खोटं बोलत न्हाय."

आमच्या डोळ्यांदेखत ती खोली दुसऱ्या पोरींनी घेतली. पुढं जाईल तिथं तेच. ऊन उतरलं. वाटेत घेतलेला भेळेचा पुडा योगिनीनं उघडलासुद्धा नाही.

शेवटी उरली द्वारकाबाईंची खोली. योगिनीनं कडी ओढून बघितली, नळ सोडला, दिवा लावला. मग कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

बाणूनं एक खूर आत टाकला. तो फरशीवरनं सटकला. बाणू मागं.

"चला," गेणू म्हणाला. "यष्टी लागली आसंल."

आता पोर हंबरडा फोडणार, असं मला वाटलं. पण ती बाणूच्या खुरांकडं बघत होती.

"तात्या," ती मला म्हणाली, "आबांचं घोंगडं टाका की हिकडं."

मी गेणूच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून फेकलं. जागची न हलता तिनं ते पायानंच फरशीवर पसरलं. बाणू आली, हुंगलं, बसली आणि रवंथ करायला लागली.

"जागंला भीत नव्हती ती. गुळगुळीत फरशीला भीत हुती, आबा. दिसभर!"

द्वारकाबाई म्हणाल्या, "मेंढीबी ऱ्हानार का? चालंल. तिला रेडूवर गाणी लावायची सवय न्हाय ना?"

"बसली," गेणू एवढंच म्हणाला. घोंगड्यावरनं उठून फरशीवर यायला बाणू तयार होईना, म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतली आणि दारात वळला. "ये, पाया पड."

योगिनी हलेना.

"पड की, पोरी. यष्टी चुकंल."

ती आली, वाकली. पाठीवर ओलीचा परातीएवढा डाग, आणि मागं भिंतीवरही तेवढाच. गेणूनं आधी पाठ बघितली, मग भिंत. योगिनी वाकलेलीच राहिली. वर बघायची तिची छाती होईना. माझ्या डोळ्यांपुढं अंथुर्ण्याचा मांडव उभा राहिला.

"घोंगडं ऱ्हाऊ दे हितंच," गेणू म्हणाला. "निजताना भिंतीकडनं लाव. वल अंगाला येऊ देत न्हाय ते."