धरमतरची पन्नास मिनिटं

सुजयने हा घोळ स्वतःच्या हाताने घातला, तोही कंपनीच्या बसमध्ये, वडखळच्या कोंडीत बसून. सोमवारी फोनवर एक दुरुस्ती आली, चाळीसेक ओळींची, जगभरच्या बंदरांच्या भरतीच्या वेळा थोड्याफार सुधारणारी. पाठवणारा फिनलंडचा. सुजयने वरवर नजर फिरवली, यात काय वावगं असणार म्हणत ती मंजूर केली आणि डोळे मिटले.

प्रोग्रॅम त्याचाच, नाव 'भरती'. कुठल्या बंदरावर पाणी किती वाजता चढेल ते सांगणारा. नऊ वर्षांपूर्वी त्याने तो लिहिला, कोडसकट फुकट वाटला आणि गळ्यात लोढणं अडकवून घेतलं. प्रोग्रॅम एक, पण कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची घराणी दहा, बीएसडीवाले वेगळे, मॅकवाले वेगळे. प्रत्येकाला तो आपापल्या पद्धतीने बांधलेला हवा, आणि एकाकडे चालता केला की दुसऱ्याकडे मोडलाच. रोह्याच्या केमिकल कंपनीत आठ तास व्हॉल्व्ह आणि मीटर सांभाळायचे, मग पेणला रामवाडीत घरी येऊन कुणा अनोळखी माणसाची तक्रार वाचायची. आभाराचं पत्र वर्षातून एखादं.

मान मिळाला तो फक्त गावात. खाडीकाठच्या त्याच्या गावाची भातशेती बांधाच्या आत, खारं पाणी बाहेर, आणि मध्ये उघाडी, म्हणजे बांधातलं दार. भरतीला ते बंद ठेवायचं, पाणी उतरलं की उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं. हे काम वर्षानुवर्षं केरूकाका करायचे. तीन वर्षांपूर्वी सुजयने दाराला बॅटरीवरची मोटर बसवली, शेजारी डब्यात छोटा कॉम्प्युटर ठेवून त्यात 'भरती' टाकला आणि ग्रामसभेत सांगितलं, आता कुणी चिखल तुडवत जायची गरज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दार हाताने फिरवायचा दांडा त्याने केरूकाकांकडून मागून घेतला.

शुक्रवारी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, नऊच्या चहाला तो कंपनीच्या गेटबाहेर आला. फोन उघडला तर बदलांच्या यादीतली एक ओळ डोळ्यांत घुसली: धरमतर, वजा पन्नास मिनिटं. हातातला चहा हातातच राहिला.

धरमतरच्या नावाखाली त्याने भरलेली वेळ धरमतरची नव्हतीच. ती गावच्या उघाडीची होती, केरूकाकांना विचारून लिहिलेली. धरमतरच्या जेट्टीला भरती झाली की पन्नास मिनिटांनी ती खाडीतून आत गावापाशी पोचते. पण गावाचं नाव जगात कोण ओळखतो, म्हणून त्याने ऐटीत धरमतर लिहून टाकलं होतं. फिनलंडवाल्याने ते अधिकृत तक्त्याशी ताडून बरोबर केलं. एरवी सहा-सहा महिने न हलणारे, प्रोग्रॅम बांधून पोचवणारे पॅकेजवाले नेमके या वेळी चार दिवसांत हलले, आणि डब्यातल्या कॉम्प्युटरने सकाळी सहालाच नवी आवृत्ती घेतली. म्हणजे साडेचारला उघडायचं दार आज तीन चाळीसला उघडणार. बाहेर उधाणाचं पाणी तेव्हा अजून हातभर उंच असणार, आणि ते थेट पोटरीला आलेल्या भातात शिरणार.

डब्याला लांबून हात लावायची सोय नव्हती. कुणी घुसू नये म्हणून त्यानेच ती ठेवली नव्हती. डबा फक्त सकाळी सहाला आणि दुपारी बाराला नवीन पॅकेज आलंय का ते स्वतः बघायचा. तेव्हा बाराच्या आत जुनी वेळ परत आणायला हवी होती, आणि त्या डब्यातल्या लिनक्ससाठी 'भरती' बांधून देणारा माणूस तोच, फिनलंडचा. त्याचं नाव उच्चारता येत नसल्याने सुजय त्याला मनातल्या मनात पाटील म्हणायचा.

तिकडे पहाट असूनही पाटलांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. उत्तर बिनचूक होतं आणि त्याचाच सुजयला जास्त संताप आला. धरमतरची नवी वेळ बरोबर आहे ना, मग एका दारासाठी सगळ्यांना चुकीची का द्यायची? बरं, गावाची वेगळी नोंद घाला, सुजयने विनवलं. जरूर, पाटील म्हणाले, फॉर्म भरा, दोघांनी तपासलं की पुढच्या आवृत्तीत, नोव्हेंबरात. आणि या वेळेला आधार काय? सुजयने 'केरूकाका' लिहिलं, खोडलं आणि 'स्थानिक निरीक्षण' लिहिलं. पाटलांनी निरीक्षणाची तारीख आणि उपकरण विचारलं.

सुपरवायझरकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली तर प्लांट बंद करायचं काम निघालेलं, तीनच्या आधी कुणाला सोडणार नाही म्हणाला. पाटलांना आणखी तीन पत्रं गेली. तिन्हींची उत्तरं सभ्य होती. बारा वाजून गेले.

केरूकाकांना फोन करायचं नऊपासून त्याच्या मनात होतं. पण अख्खी सकाळ त्याने परक्याशी हुज्जत घालण्यात घालवली, कारण आपलं यंत्र चुकलं हे गावातल्या म्हाताऱ्याला सांगायची त्याला लाज वाटत होती. तिकडे लोकांचं भात जायची वेळ आली तरी हा शहाणा आपली लाज सांभाळत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने एकदाचा फोन लावला.

केरूकाका बांधावरच होते. ते अजूनही रोज तिथे जातात, हे सुजयला आज कळलं. त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हंजे आज दार लवकर उघडंल," काका शेवटी म्हणाले.

"व्हय काका. त्याच्या आधी मोटर बंद पाडायला पायजे. मग पाणी उतरलं की हाताने दार उघडा."

"हातानं कशानं? दांडा तर तूच नेलास. कुनी उगाच फिरवंल म्हनून."

दांडा रामवाडीत होता, माळ्यावर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला.

"मंग वायर तोडू?" काकांनी विचारलं.

"तोडा. बॅटरीची हाय, झटका नाय लागायचा."

"चार हायत. कुठली?"

त्याने डोळे मिटले. त्या चार वायरी लावायला त्याला एक अख्खा उन्हाळा लागला होता.

"सगळ्या."

फोन चालूच राहिला. चिखलातली पावलं ऐकू आली, मग कोयत्याचे घाव, मग म्हाताऱ्याला लागलेली धाप.

"झालं," काका म्हणाले. "दार बंद हाय. आता ऱ्हाईल बंद."

"काका, मी सुटल्या सुटल्या येतो."

"ये. दांडा घेऊन ये," काका म्हणाले. "आन् परत नेऊ नको."