चरकाचा स्क्रू

अमीन, म्हणजे आमचे हे, लेथवर काम करता करताच गेले. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, मांजरी गावच्या यज्ञेश्वरच्या उसाच्या चरकाचा स्क्रू, त्याचे आटे अर्धेच पाडलेले. "चहा टाक, आलोच," म्हणाले होते. चहा उकळून उकळून काळा झाला, हे काही आले नाहीत.

तेव्हापासून कसब्यातलं आमचं दुकान मीच उघडते. झाडते, ऊद लावते, पण त्या स्क्रूला हात लावत नाही. इतकी वर्षं लेथशेजारी उभं राहून एवढं तरी कळतं, की अर्धवट आट्यांचा जॉब एकदा चकमधून सुटला की पुन्हा तस्सा बसवणं महामुश्कील. टूल जुनी खाच सोडून भलतीकडेच चालतं.

चाळिसावा झाला आणि एका सकाळी शटर उघडते तर लेथखाली लोखंडाचा ताजा कीस. बोट लावलं, कोमट. मेन स्विच बंद, मीच केलेला. आटे कालच्यापेक्षा खोल.

भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू? राग आला. घरी यायला वेळ नाही, लेथवर यायला आहे! जिवंतपणी तेच, आताही तेच. मग तिथेच स्टुलावर बसून पोटभर रडले.

रोज थोडा थोडा कीस पडू लागला. फार बरं वाटायचं हो मला. समोरच्या गोदाबाई कोणाशी भांडल्या, तेसुद्धा मी यांना सांगायचे. एक दिवस आट्यांवरून नख फिरवलं आणि कळलं, फार काम उरलेलं नाही. एक-दोन दिवसांत स्क्रू पुरा होणार. आणि काम पुरं झाल्यावर हा माणूस कधी दुकानात थांबलाय?

त्या संध्याकाळी मी टूल काढलं, ग्राइंडरवर टेकवून त्याची धार पार घालवली आणि परत बांधून ठेवलं. बसा म्हटलं आता.

सकाळी आटे वरवर ओरबाडलेले होते. हात पुसायचं फडकं कोपऱ्यात भिरकावलेलं. जॉब बिघडला की हे तसंच करायचे, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

नेमका तेव्हाच यज्ञेश्वर आला. "घाई न्हाय वहिनी. पन बसवीन तर भाईंच्याच हातचा." मग वाकून बघितलं, आट्यांवरून बोट फिरवलं. "हे भाईंचं काम हाय?"

यांच्या कामावर कोणी अशी शंका घ्यावी, तीही माझ्यामुळे!

"माझी करामत आहे ती," मी म्हणाले. "उद्या या."

तो गेल्यावर मी टूलला धार लावली. डोळ्यांत पाणी, ठिणग्या धड दिसेनात. हे बघायचे तशी नखावर धार बघितली. टूल बांधलं, तेलाचा डबा भरून ठेवला. "घ्या," म्हटलं, "करा एकदाचं पुरं."

सकाळी आटे लखलखत होते. नट लावला, बोटाने फिरवला, शेवटपर्यंत कुठे अडला नाही. फडकं घडी करून ठेवलेलं. कीस गार पडला होता.

यज्ञेश्वर आला तेव्हा मीच चक सैल केला आणि स्क्रू त्याच्या हातात दिला.

"भाईंचाच हाय," तो म्हणाला.

तो गेल्यावर चहा टाकला. एक कप.