हद्दीतली माणसं

पणदऱ्याच्या शिवेला लागून असलेल्या माळेवाडीचं सरपंचपद राखीव झालं, तेव्हा उपसरपंच सावळाराम तात्यांना वाटलं, कारभार आपल्याच हातात राहणार. नवी सरपंच प्रियदर्शनी बौद्धवस्तीतली. बारामतीत नर्स होती, नोकरी सोडून निवडणुकीला उभी राहिलेली.

"सही कुठं करायची ते मी सांगत जाईन," तात्या पहिल्याच बैठकीत म्हणाले.

"सांगा की तात्या. मी वाचून करीन."

त्या हिवाळ्यात तात्यांच्याच उसात बीडकडची टोळी तोडीला आली. एका सकाळी टोळीतली एक बाई पाचटाच्या कोपीतच, राहत्या झोपडीत, बाळंत झाली आणि रक्त थांबेना. प्रियदर्शनी धावत गेली. तिनं तात्यांना जीप काढायला लावली आणि बाई-बाळाला घेऊन बारामती गाठली. वाटेत बाईला जागं ठेवायला ती बोलत राहिली. बाईचं नाव नकोशी. महिनाभर ती तात्यांच्या फडात राबत होती, पण तात्यांना तिचं नाव त्या दिवशी कळलं.

"बाळंतपणाआधी तपासणी कुठं केली हुती?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"गावाकडं नाव हाय माझं," नकोशी कशीबशी म्हणाली. "हितं इचारलं तर म्हणाले, तू हितली न्हाईस."

दोघं वाचली. प्रियदर्शनीनं मात्र तो विषय सोडला नाही. पुढच्या ग्रामसभेत तिनं ठराव मांडला: हंगामात जो आपल्या हद्दीत राहील तो आपल्या गावचा. त्याला पाणी, शौचालय, अंगणवाडी, तपासणी सगळं मिळावं.

तात्या उठले. "चार महिन्यांनी जाणारी माणसं ती. गावचा पैसा त्यांच्यावर का घालायचा?"

"जातील, पण तुमचा ऊस तोडूनच जातील ना तात्या?"

सभा हसली आणि ठराव झाला. विरोधात हात वर करणाऱ्यांत तात्या होते. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, असा खर्च नियमात बसत नाही, नियम राज्यानं बदलायला हवा. तात्यांना वाटलं, विषय मिटला.

"मग राज्यालाच सांगू," प्रियदर्शनी म्हणाली.

खर्च लागत नव्हता ते तिनं लगेच सुरू केलं. अंगणवाडीत टोळीतली पोरं बसू लागली, आरोग्यसेविका कोप्यांपर्यंत जाऊ लागली. मग ती इंदापूरला गेली. तिथल्या एका गावचे सरपंच दादासाहेब तिच्या बाजूनं आले आणि त्यांनी आसपासचे आणखी सरपंच जोडले. पुढं बीडकडं जायचं ठरलं. तेव्हा तात्या म्हणाले, "गाडी माझी हाय, मीच चालवीन." का म्हणाले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

नकोशीच्या गावात निम्म्या घरांना कुलपं होती. तिथल्या सरपंच ताईबाई म्हणाल्या, "आमची माणसं न्यायला मुकादम येतात. ती कशी राहत्यात ते सांगायला तुमीच पहिल्यांदा आलात." परत निघताना तात्यांनी गाडी त्या कुलूपबंद घरांवरून हळू नेली.

वर्षभर प्रियदर्शनी एसटीनं फिरली. कोकणातल्या वीटभट्ट्यांच्या गावांतले, विदर्भातले, खानदेशातले सरपंच जोडत गेली. त्यांच्यात सगळ्या पक्षांचे लोक होते. तिची अट एकच होती, झेंडा कुणाचाच नाही.

शेवटी इंदापूरच्या मंगल कार्यालयात राज्यभरातल्या सरपंचांची सभा भरली. ठराव वाचून झाला तसे ऊसपट्ट्यातले एक सरपंच उठले. "हा बोजा आपल्यावर कशाला? कारखान्यांनी करावं, सरकारनं करावं." बऱ्याच माना डोलल्या. व्यासपीठावर प्रियदर्शनीनं माईक हातात घेतला आणि तो शेजारी बसलेल्या तात्यांकडं सरकवला.

तात्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उभे राहिले, टोपी सारखी केली.

"मी बी ऊसवाला हाय. आमच्या गावात ह्या ठरावाच्या विरोधात मी हात वर केला हुता. माझ्याच फडात एक बाई मरता मरता वाचली, त्येच्यानंतर केला हुता. कारखान्यानं करावं, सरकारनं करावं, समदं खरं. पण ती माणसं राहत्यात आपल्या शिवारात. आमच्या सरपंचांनी अंगणवाडी उघडली, तवा आमच्या पोरांचं काय बी कमी झालं न्हाय. एवढंच सांगायचं हाय."

सभागृहात हात वर होत गेले. उठलेल्या सरपंचांनीही थोड्या वेळानं हात वर केला.

मुंबईच्या खेपा झाल्या, बाकावर बसून वाट बघणं झालं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत शासनाचा आदेश आला. मजूर जिथं राहील तिथं अंगणवाडी आणि तपासणी मिळणार होती. पाणी आणि शौचालयाचा मुद्दा मात्र 'विचाराधीन' होता.

पंचायतीत दुपारभर कोकणातून, विदर्भातून फोन येत राहिले. तात्यांनी पेढे मागवले होते. प्रियदर्शनीनं पेढा खाल्ला आणि पुन्हा कागद हातात घेतला.

"अर्धंच दिलंय तात्या."

"व्हय, वाचलं मी." तात्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पुढची सभा कुठं घ्यायची?"

"ताईबाईंच्या गावात," ती म्हणाली. "ह्या खेपेला आपण पाव्हणं."