जखिणीला हिरवं लुगडं

सख्ख्या मामाला जिवंतपणी मारून आलेला माणूस कालवणात कोकम कमी पडलं म्हणून कुरकुरतो, त्याला काय म्हणावं? बयाबाईने काहीच म्हटलं नाही. पोराशी बोलायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं. पातेल्याशी बोलायला मात्र कुणाची बंदी नव्हती.

"कोकम बरोबर हाय," ती पातेल्याला म्हणाली. "लाज कमी पडली."

सुभाषने मान खाली घालून भात कालवला. सून नंदिनी पाणी वाढता वाढता हळूच म्हणाली, "आई, त्यांना अजून कळलंच नाहीये काय झालंय ते."

"तेच तर. कळलं असतं तर केलं असतं काय?"

हा सुभाष दिवसा सरकारी कचेरीत कारकून, आणि घरी आला की 'झोटिंग' नावाच्या भयकथांच्या मासिकाचा संपादक, मालक, हमाल, सगळं. बेलापूरच्या सेक्टरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातल्या गॅलरीत एका अंगाला तुळस आणि दुसऱ्या अंगाला शिल्लक अंकांचे गठ्ठे. महाराष्ट्रभरातून लोक पाकिटांत भुतं घालून पाठवायचे. पोस्टमन जिन्यातूनच ओरडायचा, "सुभाषराव, आज जाडजूड भूत आलंय, सही लागेल." सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा नोटीसही काढली होती, की अशा मासिकाने बिल्डिंगचं वातावरण बिघडतं. बयाबाईने त्याला जिन्यात गाठून विचारलं होतं, बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं तवा वातावरण कुठं गेलं होतं? नोटीस दुसऱ्या दिवशी फळ्यावरून उतरली.

म्हणजे तिला मासिकाचं वावडं नव्हतं. उलट 'झोटिंग' हे नावच तिनं दिलेलं. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे ती वाचायची नाही, पण मासे विकून आली की पाय पसरून बसायची आणि नंदिनीला म्हणायची, लाव बघू एक. नंदिनी वाचायची आणि बयाबाई निकाल द्यायची. "हे भूत शहरातलं हाय, दार वाजवून आत येतं." नाहीतर, "ह्याचं मागं काय राहिलंय ते लिवलंच नाय. काय राहिलं नसंल तर येतो कशाला, हवा खायला?" सुभाष वरवर हसायचा, पण तिनं नापास केलेली कथा त्याने कधी छापली नव्हती.

यंदा मात्र त्याने तिला विचारलं नाही. यंदाचा दिवाळी अंक 'झोटिंग'चा पहिला रंगीत मुखपृष्ठाचा अंक, त्यामुळे संपादकाच्या डोक्यात हवा गेलेली. आणि मुख्य कथा होती बयाबाईच्याच वहिनीची. पावसाळ्यात कोळंबी सोलता सोलता तिनेच ती सांगितली होती.

तिचा थोरला भाऊ भगवान नाखवा, खाडीकाठच्या दिवाळे गावातला. त्याची बायको चांगुणा तरणीताठी तापाने गेली. पुढे त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि जी जी मंडळी मुलगी द्यायला म्हणून येत, ती ती धक्क्यावरूनच माघारी फिरत. नाखव्याच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक बाई पान चघळत बसलेली त्यांना दिसे, आणि ती विचारी, "कुनाकडं चाललाव?" नवरा मागे ठेवून मेलेली बाई जखीण होते आणि सवतीला घरात पाय ठेवू देत नाही, हे सगळ्या खाडीला ठाऊक. नाखव्याने दुसरं लग्न केलं नाही. आता म्हातारा झाला तरी होडीवर चढण्याआधी तो नाळेवर पानाचा विडा ठेवतो.

सुभाषने कथा झकास लिहिली. नाव तेच ठेवलं, चांगुणा. अभिराम नावाच्या चित्रकाराने मुखपृष्ठ काढलं, पावणे गावातल्या छापखान्यातून गठ्ठे आले, आणि पहिली प्रत घेऊन सुभाष उड्या मारत दिवाळ्याला मामाकडे गेला. नाखवा ओटीवर जाळं विणत होता. त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ही कोन?"

"मामी, मामा. ओळखलं नाही?"

"पांढऱ्यात?"

"भूत आहे ना मामा," सुभाष कौतुकाने म्हणाला. नाखव्याने जाळं खाली ठेवलं, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मामाला झोप आली असं समजून सुभाष चहा पिऊन परत आला.

आणि आज सकाळी बाजारात गिरजाबाईने निरोप आणला. गिरजाबाई बयाबाईच्या शेजारीच बोंबील घेऊन बसते, राहते नाखव्याच्या घरासमोर. म्हणाली, "नाखव्यानं सांगितलंय, भाऊबीजेला माझी वाट बघू नको. मेलेल्या भावाला कोन ओवाळतं?"

बयाबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. आई गेली, बाप गेला, नवरा गेला. नवरा गेला त्या वर्षी सगळे म्हणाले, यंदा सण नाही. तेव्हा नाखवा आपणच पाट मांडून बसला होता आणि म्हणाला होता, "मी हाय ना अजून, ओवाळ." त्यानंतर माहेर म्हणजे तेवढा एक पाट उरला होता. तो पोराने रंगीत छापून उलटा केला.

जेवणं झाली. आता पातेलंही रिकामं झालं, तेव्हा बयाबाईला पोराशी बोलणं भाग पडलं.

"नवऱ्याच्या आधी जी मरते तिला काय नेसवतात रे?"

"हिरवं लुगडं," सुभाष म्हणाला. "मळवट भरतात, चुडा..." आणि तिथंच थांबला.

"बोल की. पांढरं कवा नेसवतात?"

"आये, भूत पांढऱ्यातच असतं. सगळीकडे तसंच दाखवतात."

"सगळीकडच्या सगळ्या बाया इधवाच मेल्या काय? माझी वहिनी सवाष्न गेली. तू तिला पांढरं नेसवलंस म्हंजे नवरा आधी गेला. जिता मानूस जाळं इनत बसलाय आनि तू त्याचं सुतक छापलंस, रंगीत."

सुभाषने कपाळाला हात लावला. मग संपादकासारखं म्हणाला, "पुढच्या अंकात दिलगिरी टाकतो. चौकटीत."

"चौकटीत तूच बस," बयाबाई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

नाखव्याच्या घरात दिवा नव्हता. तो भिंतीकडे तोंड करूनच होता.

"मेलेल्याच्या घरात चहा मिळत नाय," तो म्हणाला.

"तुझा चहा जिता होतास तवा पन कुनी पीत नव्हतं." बयाबाई उंबऱ्यावर टेकली. "पोराचं चुकलं. अक्कल आखूड, हात लांब. ऊठ."

नाखव्याने भिंतीचा एक पोपडा नखाने काढला. मग म्हणाला, "करंजा गावची मंडळी परत गेली, उरनची गेली. मी रागावलो काय कवा? म्हनलं, बाय राखते मला. गावात कुनाची बायको मेल्यावर एवढं लक्ष देते? जित्यापनी देत नाय. आनि आता पांढरं नेसून बसली तर ती राखते कुनाला, बये?"

बयाबाईने पदर खोचला. ती उठली. "भाऊबीजेला मी पाट मांडनार. तू मेलास का जगलास ते येऊन सांग."

परतताना तिने बेलापूरच्या बाजारात टिकल्यांची होती नव्हती ती सगळी पाकिटं उचलली, मोठ्या लाल, गोल. शेजारच्या स्टेशनरीतून हिरव्या पोस्टर कलरच्या बाटल्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "मावशी, नातवाची चित्रकला?" ती म्हणाली, "वहिनीचं लुगडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उठल्यावर गिरजाबाई आणि आणखी दोघीतिघी फ्लॅटवर आल्या. हॉलमध्ये चटया पसरल्या गेल्या. अंक स्टॉलवर जायला एकच दिवस उरला होता. सुभाष गठ्ठ्यांसमोर हात पसरून उभा.

"आये, ऐक ना. कुंकू लावलेल्या भुताला कोण घाबरणार?"

"दुसरं लगीन केलेला हरेक पुरुष. तुझ्या सायबालाच इचार."

नंदिनी पदर तोंडावर धरून आत पळाली. सुभाषच्या साहेबांचं दुसरं लग्न अख्ख्या कचेरीला माहीत होतं. सुभाषने स्वतःशी विचार केला, आणि पहिला गठ्ठा आपणच सोडला.

मग एक जण लुगडं रंगवी, दुसरी टिकली लावी, तिसरी फॅनखाली वाळत घाली. बोलणं अर्थात थांबत नव्हतं.

"केस मोकळे कशाला? चांगुना अंबाडा घालायची. मोकळे सोडले तर कालवनात जातील."

"भूत कालवन करतं काय गिरजे?"

"नवरा हाय म्हंजे करावंच लागंल."

गिरजाबाईने काळ्या पेनाने पाच-पंचवीस अंकांवर अंबाडे बांधले, त्यातल्या दोन-चारांवर लाल ठिपक्यांची वेणीसुद्धा माळली. संध्याकाळी चित्रकार अभिराम मानधन विचारायला आला आणि दारातच खांबासारखा उभा राहिला. त्याच्या चंद्रप्रकाशातल्या हडळीला चटईवर बसलेल्या बाया हिरवं नेसवत होत्या.

"माझं पेंटिंग," तो कसाबसा म्हणाला.

"तुझंच हाय, कोन नाय म्हनतंय?" बयाबाई म्हणाली. "आमी फक्त नेसवतो. बस, काठ नीट काढ. ह्या गिरजेचा रंग रेघेभायेर जातो."

अभिरामने गिरजाबाईने रंगवलेल्या दोन प्रती पाहिल्या. त्या पाहणं त्याला असह्य झालं असावं, कारण तो गुपचूप मांडी घालून बसला आणि ब्रश हातात घेतला. काठ त्याने खरंच सुरेख काढले.

अंक स्टॉलवर गेले. सुभाष दोन दिवस नखं खात बसला, लोक हसतील म्हणून. मग वाशीच्या स्टॉलवाल्याचा शेजाऱ्यांकडे फोन आला, की ती टिकलीवाली आणखी पाठवा. एका गिऱ्हाइकाने अंक परत आणला होता. मुखपृष्ठावरची टिकली गळाली होती, आणि त्याच्या बायकोने असा अंक घरात ठेवायला साफ नकार दिला होता.

सुभाष नाचत स्वयंपाकघरात आला. बयाबाई करंज्या तळत होती. "बरं," एवढंच म्हणाली. तिचा निकाल लागायचा राहिला होता. पाडव्याला तिने गिरजाबाईबरोबर एक प्रत दिवाळ्याला पाठवली, अंबाडा आणि वेणीवाली, काठ अभिरामचा. वर निरोप काहीच नाही.

भाऊबीजेला तिने सकाळीच पाट मांडला. रांगोळी काढली, निरांजन, सुपारी, नारळ, सगळं ताटात. मग गॅलरीकडे पाठ करून बसली, म्हणजे रस्ता दिसायला नको. निरांजनातलं तूप एकदा गोठलं. नंदिनी म्हणाली, "आई, जेवून घ्या." ती म्हणाली, "तुमी जेवा, मला भूक कुठं." सुभाषही जेवला नाही. मासिक बंद करतो असं त्याच्या तोंडाशी दोनदा आलं, पण आईचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

उन्हं कलल्यावर बेल वाजली. दारात नाखवा, डोक्याला नवी लाल टोपी, एका हातात कागदात गुंडाळलेली पापलेटं, काखेत 'झोटिंग'. कुणाशी न बोलता तो आत आला, चपला काढल्या, पाटावर बसला आणि अंक मांडीवर उघडा ठेवला.

"ह्या टिकलीचा डिंक पक्का हाय ना?"

"पक्का हाय," बयाबाई म्हणाली. तिने लगेच निरांजन पेटवायला घेतलं.

"नाक एवढं लांब नव्हतं तिचं," नाखवा चित्राकडे बघत म्हणाला. "बारीक पन काढलीय. उपाशी ठेवलीवती काय मी तिला? पन हाय तीच." थोड्या वेळाने म्हणाला, "इडा ठेवायला गेलो तवा दाखवला तिला. होडी हलली जरा."

"भरती असंल."

"असंल," तो म्हणाला, आणि ओवाळून घ्यायला मान पुढे केली.

ओवाळणी झाली, करंजी तोंडात गेली, पापलेटं तव्यावर पडली. घर पुन्हा जागच्या जागी आलं तसा सुभाषलाही कंठ फुटला. तो पाटाशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आये, पुढच्या दिवाळीचा विचार करतोय. आजीची ती विहिरीवरची गोष्ट..."

बयाबाईने ताट खाली ठेवलं आणि भावासमोर, सुनेसमोर पोराला निकाल दिला.

"लिवायला हात चांगला हाय तुझा, अक्कल उसनी घ्यावी लागते. भुताचा धंदा कर, मी नाय म्हनत नाय. पन सोयरीक जुळवतात तसा कर. आधी घर बघ, मानसांना इचार, मग लुगड्याचा रंग ठरव. आनि माझी पाळी येईल तवा ध्यानात ठेव. तुझा बाप आधी गेलाय, म्हनून मला पांढरं नेसवशील. मी बाजारात बसते तशीच येनार, मोरपंखी लुगड्यात, हातात कोयता घेऊन. रंग चुकलास तर पयली तुझ्याच दारात येईन, आनि दार वाजवनार नाय."