लिएनताईंचा पेटारा

मित्रांनो, आधी माझ्यावरून उठा पाहू! मी बाकडं नाही, संगीत नाटकमंडळीचा जुना पेटारा आहे. सा देक गावच्या सुतारानं मला कापराच्या लाकडातून घडवलं, म्हणून कसर अजून माझ्या वाटेला जात नाही. माझं सारं आयुष्य मेकाँग नदीच्या पाण्यावर गेलं. मंडळीची नाव गावोगावच्या धक्क्याला लागे आणि माझ्या पोटात लिएनताईंचे वेश असत.

ताईंचा थाट काय सांगू! हरवलेल्या लेकीला शोधणारी आई त्या करत. गाण्यातल्या लांब ओळीसाठी त्यांनी श्वास घेतला की अख्खं गाव श्वास रोखून धरी. त्या चौकड्यांचा पंचा डाव्या खांद्यावर टाकत, तर नदीकाठच्या साऱ्या बायका तसाच टाकू लागल्या. त्यांचं नाटक पाहून रुसलेल्या मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडत. मीही अभिमानानं फुगत असे.

ताईंची स्वतःची लेक थाओ मात्र आजोळी वाढत होती. एकदा आमची नाव तिच्याच गावी लागली. खेळाआधी ती धावत रंगपटात आली आणि तिनं आईच्या ओंजळीत पिवळंधमक, घमघमणारं थीचं फळ ठेवलं. बिचारीला काय ठाऊक! त्या वासाला भुलून आमच्या कलेचं दैवत असलेले आद्य गुरू रंगमंच सोडून जातात, म्हणून आमच्यात ते फळ शिवतसुद्धा नाहीत.

"अरे देवा, थी!" मालक हुंग ओरडले. "कुणाची ही कार्टी? आज खेळाचं वाटोळं झालं म्हणून समजा!"

"आई, तुला वास आवडतो ना? आजी म्हणाली..."

सगळे ताईंकडे बघू लागले. ताईंनी फळ नदीत भिरकावलं. "हिला आधी बाहेर न्या," त्या म्हणाल्या आणि देव्हाऱ्यापुढं उदबत्ती लावून गुरूंची क्षमा मागू लागल्या. लेकीची मागायची राहिलीच.

खेळ असा रंगला की लोक ढसाढसा रडले. थाओ पुन्हा कधी आली नाही. "एवढा हंगाम सरू दे, मग तिला आणते," असं ताई दर वर्षी म्हणत. हंगाम काही सरेना. मला फार वाईट वाटे, पण पेटाऱ्याला कोण विचारतो?

पुढं घरोघरी टीव्ही आला, मंडळी मोडली. ताईंबरोबर मी वृद्ध कलाकारांच्या आश्रमात आलो. माझ्यावर चहाचे डाग पडले आणि ताईंची स्मरणशक्ती विरत गेली. परवा दुपारी केस पिकलेली थाओ दारात उभी राहिली.

"या, या! बसा," ताई खुलल्या. "माझी नाटकं पाहिलीत की नाही?"

"नाही हो. एकही नाही."

"अगंबाई, मग पाहिलंत तरी काय आयुष्यात! लेकीला शोधणारी माझी आई पाहिली असतीत, तर डोळे सुजले असते रडून."

"सापडते का हो तिला लेक?"

"सापडते तर! शेवटच्या अंकात. रोज सापडायची."



मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार होतो. पण राहू दे. धूळ काय, फडक्यानंही जाते. दुखावलेल्या माणसाला मात्र ओळख शाबूत आहे तोवर हाक मारा. नाहीतर ते एक दिवस समोर येऊन बसेल आणि तुम्ही त्याला पाहुणा समजून चहा विचाराल.