राणीचा अंगठा

देवानंदच्या खिशात वीतभर उंचीची एक प्लास्टिकची बाहुली होती, आणि आपल्या सिनेमातली राणी हुबेहूब तिच्यासारखी दिसली पाहिजे, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. बाहुलीचा एक पाय हवेत, धनुष्य आडवं, दोरीवर एकदम तीन बाण, आणि नजर शत्रूकडे सोडून भलतीकडेच! आमगावचं मोबाईलचं दुकान सांभाळत त्यानं हा उद्योग आरंभला होता. राणी म्हणून चोरखमारा तलावाजवळच्या गावातली भाग्यश्री निवडली, कारण खरं धनुष्य ओढणारी पोरगी त्याला तेवढीच माहीत होती. भाग्यश्रीचे पाय जमिनीवर राहत नव्हते. अख्ख्या कॉलेजात सांगून झालं होतं. आता काम हातचं गेलं तर तोंड लपवायलाही जागा उरणार नव्हती.

तलावाच्या पाळीवर शूटिंग सुरू झालं. तिला धनुष्य शिकवणारा आजा, रेवाराम, मुद्दाम बघायला आला होता. भाग्यश्रीनं दगडावरून उडी मारली आणि तीन बाण एकदम सोडले. एक पायाशी पडला, एक पाण्यात, आणि एक देवानंदच्या छत्रीत घुसला.

"अवं, असा नेम पाहून वाघ बी हसन!" आजा पोट धरून म्हणाला. भाग्यश्रीलाही हसू आवरेना.

मग देवानंदनं बाहुली पुढे धरून तिचा दोरीवरचा अंगठा दाखवला. "आता क्लोजअप. दोरी अंगठ्यानं ओढ."

दोघांचंही हसू थांबलं. त्यांच्या गोंडांच्या घरात दोरीला अंगठा लावत नसत. दोन बोटांनीच बाण ओढायचा. का, ते आजाही सांगत नसे. लावायचा नाही म्हणजे नाही.

"भाऊ, उड्या सांगा, कोलांट्या सांगा. अंगठा मी नाई लावत."

"अरे यार, एका सेकंदाचा शॉट! कोण पाहून रायला?"

"आबाजी पाहून रायले नं."

"मंग राणी रिंकू होईन!"

रिंकू त्याची मेहुणी, तिथंच शूटिंग बघत उभी होती. भाग्यश्रीनं मुकुट काढून रिंकूच्या डोक्यावर ठेवला. रिंकूनं दोरी ओढली. आजाचं बांबूचं धनुष्य तसूभरही वाकलं नाही. ती दोन्ही हातांनी ओढू लागली, मग पाय लावून, शेवटी मुकुट नाकावर आला आणि ती मटकन खाली बसली. जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

देवानंदनं कपाळावर हात मारला. "घे तुझा मुकुट. अंगठ्याचं माझं मी पाहतो."

आठवड्याभरात शाळेच्या वर्गात खिडक्यांना चादरी बांधून सिनेमा लागला. देवानंदनं काय करामत केली कोण जाणे, पण राणीच्या तीन बाणांनी तीन शत्रू धडाधड पडले, आणि भाग्यश्रीला आनंदानं रडूच फुटलं. तेवढ्यात दोरी ओढणारा अंगठा पडदाभर आला. त्यावर मेंदी, मनगटात हिरव्या बांगड्या, बोटांवर काळेभोर केस, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून पिवळं पडलेलं नख!

सगळ्यांच्या माना एकदम देवानंदकडे वळल्या. त्यानं घाईनं हात खिशात घातला, पण अजून न उतरलेली मेंदी साऱ्यांना दिसलीच.

रेवाराम ताडकन उठून पडद्यासमोरच उभा राहिला.

"नीट पाहून घ्या रे सारे!" तो आनंदानं ओरडला. "हा अंगठा आमच्या पोरीचा नाई!"